घरी ट्यूब-फ्रेम बग्गी: पाइप घेण्याआधीचा हिशेब

पाइपच्या सांगाड्याची, शेतात चालवायची बग्गी घरी बांधायची ठरली की पहिली चक्कर नागपूरच्या इतवारीतल्या लोहा ओळीत होते आणि त्याच दिवशी दहा पाइप घरी येऊन पडतात. बजेट तिथेच फिसकटतं. पाइप हा या कामातला स्वस्त माल आहे आणि तो घ्यायचा सगळ्यांत शेवटी. इंजिन कुठलं, शाफ्ट किती लांब, टायर केवढा, हे समोर असल्याशिवाय फ्रेमचं एकही माप पक्कं होत नाही. आधी इंजिन-गिअरबॉक्स घ्या, मग नकल-हब (चाक ज्यावर बसतं ते भाग) आणि टायर, मग सीट. हे सगळं फरशीवर मांडून खडूने आखणी झाली की पाइपची यादी करायची.

इंजिनासाठी मारुती ८०० चं ७९६ सीसी, तीन सिलिंडरचं युनिट सोयीचं पडतं. गाडीचं उत्पादन २०१४ मध्ये थांबलं, पण रिपेअर येणारा मिस्त्री कुठेही सापडतो. गिअरबॉक्स आणि डिफरन्शियल (दोन चाकांना ताकद वाटणारा भाग) एकाच घरात असल्यामुळे पुढचं सगळं युनिट उचलून सीटच्या मागे बसवता येतं. तोंड मात्र मूळ दिशेलाच ठेवा. उलटं फिरवलं तर रिव्हर्सचे चार गिअर मिळतील आणि पुढे जायला एक. बाइकचं इंजिन स्वस्त दिसतं, पण त्याला रिव्हर्स नसतो. चेन, स्प्रॉकेट आणि मागचा अ‍ॅक्सल वेगळा करावा लागतो, आणि वाचलेले पैसे खरादवाल्याकडे जातात. ओम्नीचं इंजिन तेच असलं तरी आडवं न बसता गाडीच्या लांबीत बसतं. त्याला प्रोपेलर शाफ्ट आणि मागचा अ‍ॅक्सल लागतो, म्हणून बग्गी लांबते.

कार्ब्युरेटरवालं इंजिन घेतलं तर वायरिंग दोन दिवसांत उरकतं. एमपीएफआय (कॉम्प्युटरच्या हुकमाने पेट्रोल फवारणारं) घेत असाल तर ईसीयू म्हणजे तो कॉम्प्युटर, सेन्सर आणि पूर्ण हार्नेस (वायरींचा जुडगा) एकाच गाडीचा हवा. इमोबिलायझर (दुसऱ्या चावीने इंजिन सुरू न होऊ देणारं कुलूप) असेल तर चावीसुद्धा त्याच गाडीची. हे तुकड्या-तुकड्याने जमवायला गेलात तर इंजिनाइतकाच खर्च पुन्हा होतो. भंगारवाल्याकडून घेताना बिलावर इंजिन नंबर लिहून घ्या.

हिशेबात सर्वांत जास्त वेळा राहून जाते ती नकलची दुसरी जोडी. ८०० चे पुढचे दोन्ही नकल ड्राइव्ह शाफ्टसोबत (गिअरबॉक्सकडून चाक फिरवणारे दांडे) बग्गीच्या मागे जातात. मग पुढच्या चाकांना काय? त्यासाठी नकल, हब, बेअरिंग, डिस्क, कॅलिपर असा दुसरा संच लागतो. मागच्या नकलचे स्टिअरिंग आर्म मोकळे सोडायचे नाहीत. त्यांना रॉड-एंड (टोकाचा गोळ्याचा सांधा) लावलेल्या ठरावीक लांबीच्या लिंकने फ्रेमशी बांधायचं, नाहीतर मागची चाकं स्वतःच वळतील. मागचा ट्रॅक, म्हणजे डाव्या-उजव्या चाकांमधलं अंतर, मूळ गाडीइतकाच ठेवा. तो वाढवला की शाफ्ट कापून जोडावे लागतात, आणि असा जोड खड्ड्यातच तुटतो.

पुढे ८०० चीच स्प्रिंग लावायचा मोह होतो. ती स्प्रिंग वर इंजिन असलेल्या गाडीची. बग्गीच्या नाकावर ते वजन नाही, त्यामुळे ती दबतच नाही आणि पुढची चाकं उड्या मारतात. पुढे ए-आर्म (A आकाराचा, चाकाला फ्रेमशी जोडणारा हात) आणि मऊ शॉक धरा; नकलच्या वरच्या टोकाला बॉल जॉइंट बसवण्यासाठी खरादेवरचं काम वेगळं लिहा.

आता पाइप. वजनाचं सूत्र सोपं आहे: बाहेरचा व्यास वजा जाडी, गुणिले जाडी, गुणिले ०.०२४६६, म्हणजे मीटरला किती किलो ते निघतं. मापं मिलिमीटरमध्ये. दोन सीटच्या बग्गीला मुख्य हूप (डोक्यावरून जाणारी कमान) आणि खालच्या पट्ट्यांसाठी ३८.१ मिमी × ३ मिमी धरला तर मीटरला २.६ किलो. आडव्या-तिरप्या जोडांना २५.४ × २ मिमी, मीटरला १.१५ किलो. दोन्ही साधारण २४-२४ मीटर लागतात, पण विकत पाच-पाच लांब्या घ्या, म्हणजे ३०-३० मीटर. कारण पाइप ६ मीटरचा येतो आणि मुख्य हूप साडेतीन मीटर खातो, त्यात बेंडरच्या पकडीला दोन्ही टोकांना हातभर जास्त. एका पाइपात दोन हूप बसत नाहीत. उरलेल्या दोन मीटरचे लहान तुकडेच करावे लागतात. एकूण ११२ किलो झाले. किलोला ११० रुपये गृहीत धरले तर १२,४०० च्या आसपास, आणि १८ टक्के जीएसटी धरून १४,६००.

दुकानातून निघण्याआधी एक पाइप काट्यावर ठेवा. ३ मिमी भिंतीचा ६ मीटर पाइप १५.६ किलो भरला पाहिजे. १३.७ भरला तर जाडी २.६ आहे, तोंडाला मोजायचा व्हर्निअर कॅलिपर लावून दुकानदाराला दाखवा. पाण्याचा जीआय (जस्ताचा मुलामा असलेला) पाइप अजिबात नको: जस्ताच्या धुराने ताप येतो आणि वेल्डमध्ये भोकं पडतात. शक्य असेल तर सीमलेस (बिनजोडाची) किंवा कोल्ड ड्रॉन वेल्डेड (जोडून मग थंड ओढलेली) ट्यूब मागा.

बेंडिंगला घाई नको. प्लंबरचा हायड्रॉलिक बेंडर नॉमिनल बोअरच्या, म्हणजे पाइपच्या नावापुरत्या आतल्या मापाच्या, डायवर (साच्यावर) चालतो: एक इंची डाय ३३.७ मिमीला, सव्वा इंची ४२.४ मिमीला. ३८ मिमी ट्यूब दोन्हींत बसत नाही, आतल्या बाजूने चिमटते. बग्गी उलटली की चिमटलेला हूप तिथेच दुमडतो. हिंगणा एमआयडीसीत किंवा बुटीबोरीकडे ३८ मिमीची डाय असलेलं वर्कशॉप विचारून काढा, आणि दर बेंडवर ठरवा, दिवसावर नाही. त्यांच्या डायची त्रिज्या किती ते आधी विचारून मगच आखणी करा.

वेल्डिंगचा अंदाज असा येतो. ४० तुकडे म्हणजे ८० टोकं. मोठ्या ट्यूबचा घेर १२ सेंटिमीटर, लहानचा ८, म्हणजे एकूण सुमारे ८ मीटर वेल्ड. सरावाचे, टाक्यांचे (तात्पुरत्या छोट्या वेल्डचे) आणि ब्रॅकेटचे मिळून २.५ मिमीचे दीडशे रॉड धरा. घरच्या १६ अँपिअरच्या पॉइंटवर इन्व्हर्टर मशीन वेल्डिंगचा करंट ८० अँपिअरपर्यंत ठेवून चालतं. वर जायचं असेल तर मीटरपासून स्वतंत्र एमसीबी आणि ४ चौरस मिमीची वायर टाकून घ्या. पावसाळ्यात रॉड ओलावतात आणि वेल्ड जाळीदार होतो, म्हणून पाकीट डब्यात बंद ठेवा. ट्यूबचं तोंड माशाच्या तोंडासारखं कापायला ३८ चा होल सॉ लागतो. तोंड नीट बसलं नाही की लोक फटीत सळई घालून वेल्ड करतात. तो जोड धरत नाही. सगळी फ्रेम आधी फक्त टाक्यांवर उभी करा, कर्ण मोजा, मग पुरा वेल्ड.

खरा पैसा बारीक मालात जातो. वर पाइपचे १४,६०० निघाले. त्याच गृहीत भावांत इंजिन-गिअरबॉक्स-शाफ्ट ३०,०००, त्याचं दुरुस्तीचं सामान १५,०००, नकल-स्टिअरिंग-ब्रेक २०,०००, टायर-रिम १६,०००, शॉक १२,०००, सीट-बेल्ट १४,०००, बॅटरी-वायरिंग ९,०००, रेडिएटर-पेट्रोल-सायलेन्सर ९,०००, कटिंग डिस्क-वेल्डिंग रॉड-बोल्ट ९,०००, प्लेट आणि बेंडिंग ८,०००, रंग ४,०००. बेरीज १,६०,६००, पाइप त्याचा अकरावा भाग. वर २० टक्के राखीव ठेवा, म्हणजे १,९३,००० च्या आत. तुमच्या दुकानदारांचे भाव भरून हीच बेरीज पुन्हा करा.

काटकसर सीटच्या कापडात करा, बोल्टमध्ये नको. सस्पेन्शनचा प्रत्येक बोल्ट ८.८ ग्रेडचा, डोक्यावर तो आकडा कोरलेला, आणि नट नायलॉकचा (आत नायलॉनची रिंग असलेला, सैल न होणारा). ब्रेकला टँडम मास्टर सिलिंडर (एक बाजू गळली तरी दुसरी ब्रेक लावते असा) आणि स्टीलची नळी. तांब्याची नळी थरथराटाने चिरते. पाच पॉइंटचा (पाच ठिकाणी बांधलेला) बेल्ट नवाच घ्या. हेल्मेट आणि वरच्या ट्यूबमध्ये १५ सेंटिमीटर जागा सोडा, सीट आणि इंजिनमध्ये पत्र्याची भिंत हवी.

रेडिएटर सीटमागे ठेवला की समोरून वारा मिळत नाही, आणि नागपूरच्या ४५ अंशांच्या मेमध्ये फॅन थांबतच नाही. बाजूने हवा घेणारा पत्र्याचा डक्ट आणि मोठा फॅन सुरुवातीलाच हिशेबात घ्या. काळ्या मातीच्या चिखलात रेडिएटरच्या पातळ पात्यांमधल्या फटी बुजतात. पाणी आतून बाहेर मारायचं.

ही बग्गी रस्त्यावर चालवता येणार नाही. घरी बांधलेल्या गाडीची आरटीओत नोंदणी होत नाही, म्हणून शेतापर्यंत ती टेम्पोवर न्यायची; भाड्याचा आकडाही वहीत लिहा. रंग तर पन्नास किलोमीटर चालवून झाल्यावरच. पहिल्या धावेत दोन-चार ब्रॅकेट हलवावे लागतातच, आणि रंग लागला असेल तर तो घासल्याशिवाय वेल्ड धरत नाही.