वाईट बातमी आधी: नव्यानं सुपरवायझर होणाऱ्यांसाठी

सांगली जिल्ह्यातल्या कुपवाड, मिरज, पलूस इथल्या एमआयडीसीत सुपरवायझर कसे होतात ते मी इतकी वर्षं बघत आलोय. शॉपमधला, म्हणजे मशीनं चालतात त्या विभागातला, सगळ्यात हुशार सेटर (मशीनवर टूल आणि मापं बसवून देणारा), नाहीतर डिप्लोमा करून दोन-तीन वर्षं झालेला एखादा मुलगा. त्याला ऑफिसात बोलावतात आणि सांगतात, "उद्यापासून ही लाइन तू बघायची." आयटीआयमध्ये त्याला लेथ शिकवलेलं असतं, पॉलिटेक्निकमध्ये ड्रॉइंग वाचायला. वीस-पंचवीस माणसं कशी सांभाळायची हे कुणीच शिकवलेलं नसतं. त्यात निम्मी त्याच्यापेक्षा वयानं मोठी असतात आणि दोन-तीन तर त्याच्या भावकीतली. मी आधी मशीनवर होतो, मग सुपरवायझर झालो, आता एका जॉबवर्क करणाऱ्या कारखान्याचं सगळं उत्पादन बघतो. हे लिहितोय ते त्या मुलासाठी, आणि आता हळूहळू दिसू लागलेल्या त्या मुलींसाठीही.

माझं म्हणणं एकच आहे. काही बिघडलं की ते किती लवकर आणि कुणाच्या तोंडून तुमच्यापर्यंत येतं, यावरून शॉपचं वातावरण ओळखावं. भिंतीवरचे फलक, वाढदिवसाचे केक, वर्षातून एकदा होणारी महाबळेश्वरची सहल, यातलं काही वाईट नाही. पण ज्या शॉपमध्ये वाईट बातमी दाबली जाते तिथं यातल्या कशाचाच उपयोग होत नाही.

कास्टिंगमधल्या (ओतीव भागातल्या) ब्लो होलचं, म्हणजे आत वायू अडकून राहिलेल्या पोकळीचं, घ्या. पहिल्या ऑपरेशनला फेस मारतानाच, म्हणजे समोरची बाजू सपाट करतानाच, तो दिसला आणि ऑपरेटरनं नग बाजूला काढून सांगितलं, तर नुकसान अगदी थोडं. ओतकाम करणाऱ्या फाउंड्रीच्या नावावर डेबिट नोट पडते, म्हणजे पैसे त्यांच्या बिलातून वळते होतात, बदली कास्टिंग येतं. तोच नग काही न बोलता पुढं सरकवला की बोअरिंग, ड्रिलिंग, टॅपिंग सगळ्याचा खर्च त्याच्यावर चढतो. टूल झिजतं, वीज जाते, मशीनचे तास जातात. आणि तो जर पुण्याच्या किंवा चाकणच्या गिऱ्हाइकाच्या लाइनवर सापडला, तर आपली चार माणसं रात्रीतून गाडीनं पाठवायची, त्यांच्या गोदामात उभं राहून सगळा माल पुन्हा तपासायचा, वर एट-डी रिपोर्ट (दोष का आला आणि पुन्हा येऊ नये म्हणून काय केलं याचा आठ टप्प्यांचा अहवाल) लिहायचा आणि पुढच्या ऑर्डरच्या वेळी भावात पड खायची. दोष सगळीकडे एकच होता. खर्च वाढत गेला तो बोलायला झालेल्या उशिरामुळं.

आता तिसऱ्या पाळीतला एक माणूस डोळ्यांसमोर आणा. पहाटे तीन वाजलेत, इन्सर्ट (टूलचं कापणारं पातं) तुटलं, बोअर (नगातलं भोक) मोठा झाला. गेज (माप तपासायचं साधन) लावून बघेपर्यंत सात-आठ नग गेलेत. त्याच्यापुढं तीन वाटा असतात. एक, सुपरवायझरला फोन करायचा. दोन, ते नग चिप्सच्या (धातूच्या किसाच्या) ढिगाखाली ढकलायचे. तीन, चांगल्या मालाच्या क्रेटमध्ये मिसळून टाकायचे. तो कुठली वाट धरेल हे त्याच्या स्वभावापेक्षा मागच्या खेपेला फोन करणाऱ्याचं काय झालं यावर जास्त ठरतं. शॉपमध्ये ती गोष्ट सगळ्यांना पाठ असते. कुणाला चारचौघांत झापलं, कुणाचा ओटी (जादा तासांचं काम) कापला, कुणाच्या पगारातून कास्टिंगचे पैसे वळते केले, याची नोंद कुठल्या रजिस्टरात नसली तरी कॅन्टीनमध्ये असते.

म्हणून नव्या सुपरवायझरला मी सगळ्यात आधी फोनवरचं बोलणं शिकवतो. "साहेब, बोअर मोठा झालाय," असं पलीकडून आलं की पहिले तीन प्रश्न ठरलेले. मशीन थांबवलं का? किती नग गेले? ते कुठं ठेवलेत? "कुणी केलं?" हा प्रश्न त्या फोनवर विचारायचाच नाही. तो सकाळी विचारता येतो, आणि बहुतेक वेळा तोवर त्याची गरजही उरत नाही, कारण टूल बदलण्याचा काउंटर शून्यावर आणलेला नव्हता किंवा गेजच झिजलेला होता हे कळलेलं असतं. शेवटी सांगायचं, "बरं केलं लगेच सांगितलंत ते." हे मनापासून म्हणायला पहाटे तीन वाजता फार बळ लागतं. पण ते वाक्य दुसऱ्या दिवशी चहाच्या वेळेपर्यंत सगळ्या शॉपमध्ये फिरलेलं असतं.

टोयोटाच्या कारखान्यांत लाइनवरच्या कुठल्याही कामगाराला दोरी ओढून मदत मागता येते, आणि अडचण तिथल्या तिथं सुटली नाही तर लाइन थांबते, हे अनेकांनी ऐकलेलं असतं. आपल्याकडं तशी दोरी आणि ती ओढल्यावर लागणारा दिवा बसवणारे कारखाने मी पाहिलेत. महिनोन्महिने ती दोरी कुणी ओढलेली नसते आणि व्यवस्थापन त्याचा अर्थ 'अडचणच नाही' असा लावतं. दोरी ओढल्यावर टीम लीडर धावत येतो तो मदतीला, हा त्या पद्धतीचा अर्धा भाग आहे आणि तो बाजारात विकत मिळत नाही. हार्वर्डच्या एमी एडमंडसन यांनी १९९० च्या दशकात रुग्णालयांमधल्या टीमचा अभ्यास केला तेव्हा एक उलटीच गोष्ट दिसली: ज्या टीम चांगल्या समजल्या जात होत्या त्यांच्याकडं औषधांच्या चुकांची नोंद जास्त होती. त्यामागचं कारण त्यांना असं दिसलं की तिथली माणसं चुका मोकळेपणानं बोलत होती. तुमच्या लाल पेटीत, म्हणजे खराब माल टाकायच्या पेटीत, पहिल्या दोन महिन्यांत नग वाढले तर घाबरू नका. मालकांनाही ते आधीच सांगून ठेवा.

सगळं चालवून घ्यायचं, असा याचा अर्थ कुणी काढू नये. गेज न लावता तपासणीच्या कागदावर बरोबरच्या खुणा करणं, खोटं माप लिहिणं, सेफ्टी गार्ड काढून मशीन चालवणं, या गोष्टींना माझ्याकडं माफी नाही, आणि हे मी पहिल्या दिवशीच सगळ्यांसमोर सांगतो. हात चुकणं वेगळं आणि कागद खोटा लिहिणं वेगळं. हा फरक कामगारांना आपल्यापेक्षा चांगला कळतो. तुम्ही दोघांना एकच शिक्षा केलीत की तुमच्यावरचा भरवसा जातो, आणि दोघांनाही सोडून दिलंत तरी जातोच.

आता आपल्या भागातल्या काही गोष्टी, ज्या पुण्या-मुंबईच्या ट्रेनिंगमध्ये कुणी सांगत नाही.

पन्नाशीच्या ऑपरेटरला चोवीस वर्षांच्या सुपरवायझरनं अण्णा, तात्या, मामा म्हणावं आणि अहो-जाहो करावं. त्यानं अधिकार कमी होत नाही. हेल्परलाही 'ए' म्हणून हाक मारू नका. बोलायचं असेल ते मशीनपासून बाजूला नेऊन बोला, कारण शॉपमधला अपमान संध्याकाळी एसटीत बसून गावात पोचतो आणि दुसऱ्या दिवशी त्या गावची सहा माणसं तुमच्याशी मोजकंच बोलतात. गावकी आणि गट तर आहेतच. ग्रामपंचायतीची निवडणूक लागली की एकाच लाइनवरची दोन माणसं एकमेकांना गेजसुद्धा देत नाहीत, हे मी बघितलंय. यावर भाषणाचा उपयोग होत नाही. उपयोग होतो तो बोर्डाचा. ओटी कुणाला मिळाला, रजा कुणाची मंजूर झाली, रात्रपाळी कुणाला किती वेळा आली, हे सगळं बोर्डावर लिहा. जे सगळ्यांना दिसतं त्यात गटाला शिरायला जागा कमी मिळते.

रजेचं तसंच. आपल्या कामगारांपैकी बऱ्याच जणांची घरी शेती आहे. तासगाव-पलूसकडच्या माणसाला ऑक्टोबरच्या आसपास द्राक्षाची छाटणी असते आणि एप्रिलमध्ये खरड छाटणी. हळदवाल्याला फेब्रुवारी-मार्चमध्ये काढणी आणि शिजवणी. ऊस कधी जाणार ते साखर कारखान्याच्या तोडीच्या चिठ्ठीवर. मग गावच्या यात्रा. हे सगळं दरवर्षी येतं, तरी दरवर्षी शॉपमध्ये 'अचानक खाडे झाले' म्हणून आरडाओरडा होतो. आम्ही दसऱ्याच्या आधी प्रत्येकाला विचारून रजेचं कॅलेंडर करतो. कुणाला साधारण कधी लागेल, त्याच्या मशीनवर दुसरं कोण चालेल, त्या बदलीच्या माणसाला आत्तापासून काय शिकवायला हवं. मजूर न मिळाल्यानं छाटणी पुढं गेली तरी तो माणूस येऊन सांगतो, "साहेब, आठवडा लांबलंय बघा." रजा मागितल्यावर तोंड वाकडं होणार असेल, तर कामगार मागत नाही, सरळ खाडा करतो. हीसुद्धा दाबलेली वाईट बातमीच.

आणि बातमी वरून खालीही गेली पाहिजे. पगार पुढच्या महिन्याच्या सात तारखेच्या आत व्हायला हवा हे कायद्यात आहे, ओटीचे पैसे दुप्पट दरानं द्यायचे हेही आहे. सुपरवायझरच्या हातात पगार नसतो, पण ऑर्डर कमी झाली, ओटी बंद होणार आहे, कंत्राटी माणसं कमी करायचा विचार चाललाय, हे त्याला आधी कळतं. मालकांना विचारून, जेवढं सांगता येईल तेवढं खरं सांगा. न सांगितलेल्या जागी अफवा येऊन बसते आणि चांगली पोरं चाकणचा रस्ता धरतात. दहा-बारा वर्षांचा ऑपरेटर गेला की त्याच्या मशीनचे सगळे बारकावे त्याच्याबरोबर जातात.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. कुपवाडला कारखाने उंचावर, कोरडे. पण कामगारांची घरं सांगलीवाडीत, गावभागात, नदीकाठच्या गावांत. त्या दिवसांत सुपरवायझरांनी यादी घेऊन एकेकाला फोन लावले आणि फक्त एवढंच विचारलं: घरचे सगळे बाहेर पडले का, जनावरं कुठं आहेत, काय लागतंय. कामावर कधी येणार, हा प्रश्न कुणी काढला नाही. त्याच दिवशी आम्ही गिऱ्हाइकांना स्वतःहून कळवलं की माल उशिरा जाईल, अमुक पार्टचा साठा किती आहे आणि कुठला पार्ट त्यांनी दुसरीकडून घ्यावा. धंदा दुसऱ्याला द्या असं आपल्याच तोंडानं सांगणं अवघड होतं. पण पाणी ओसरल्यावर माणसं स्वतःहून जादा तास उभी राहिली, आणि नंतर त्यातल्या एका गिऱ्हाइकाच्या खरेदीच्या साहेबांनी नवा पार्ट देताना कारण सांगितलं ते हेच: तुमच्याकडून आम्हाला वेळेत कळतं. धंदा वाढतो तो असा. नवं व्हीएमसी (संगणकावर चालणारं मिलिंग मशीन) कर्ज काढून कुणीही आणतं. पण गिऱ्हाइकाचा भरवसा आणि रात्रपाळीतल्या ऑपरेटरचा भरवसा, दोन्ही एकाच सवयीनं मिळवावे लागतात.

याच जिल्ह्यात त्याचा जुना दाखला आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० मध्ये औंध संस्थानातल्या कुंडलजवळच्या निवडुंगाच्या माळावर कारखाना आणला तेव्हा गुन्हेगारीचा शिक्का बसलेल्या तुकाराम रामोशी यांना राखणीला नेमलं. ज्याच्यावर गाव संशय घेत होतं त्याच्या हाती कारखान्याची राखण. माणूस विश्वासाला उतरतो का हे बघायला आधी विश्वास टाकावा लागतो. हे मला आमच्या भागातल्या कुठल्याही मॅनेजमेंटच्या धड्याहून मोठं वाटतं.

पहिल्या महिन्यात काय करायचं, असं पोरं विचारतात. प्रत्येकाजवळ त्याच्या मशीनपाशी उभं राहून एकच विचारा: काम करताना काय अडतं? उत्तरं फार साधी येतात. सोमवारी कूलंटचा (धातू कापताना सोडायच्या थंड द्रवाचा) वास मारतो आणि हात खाजतात. गेज एकच आहे, ते आणायला चार मशीन ओलांडून जावं लागतं. उभं राहून टाचा दुखतात, खाली लाकडी फळी द्या. यातली एक गोष्ट त्याच आठवड्यात करून दाखवा. कूलंट बदलून टाकी धुऊन घेतली, तर पुढच्या वेळी तोच माणूस तुम्हाला स्पिंडलचा आवाज बदलल्याचं सांगेल. आणि पाळी बदलताना दोन्ही ऑपरेटर मशीनपाशी दहा मिनिटं एकत्र उभे राहतील अशी वेळ बसवून घ्या, नुसत्या रजिस्टरवर सोडू नका.

बायका कामाला असतील तर आणखी दोन गोष्टी बघा. दहा किंवा त्याहून जास्त माणसं असलेल्या प्रत्येक ठिकाणी २०१३ च्या कायद्यानुसार लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी अंतर्गत समिती लागते. तिच्या प्रमुख महिला असतात आणि एक सदस्य बाहेरचा असतो. त्यांची नावं दिसतील अशी लावलीत का, आणि स्वच्छतागृहाला आतून कडी आहे का. पुष्कळ ठिकाणी दोन्ही नसतात.

शेवटी, सुपरवायझरची जागा घ्यायच्या आधी मालकांना किंवा प्लँट हेडना तीन गोष्टी विचारा. खराब माल दिसला तर मशीन थांबवायचा अधिकार माझा आहे का? माझ्या लाइनची रजा आणि ओटी मी ठरवणार का? ऑपरेटरनं स्वतः कळवलेल्या नुकसानीचे पैसे त्याच्या पगारातून कापणार नाही, असं तुम्ही सांगाल का? तिसऱ्या प्रश्नाला बरेच जण अडखळतात, तिथं रेटून धरा. होकार मिळाला की साध्या पानावर लिहून सही घ्या. एक प्रत एचआरकडं, एक तुमच्या फायलीत, आणि तिसऱ्या मुद्द्याचं पान शॉपच्या बोर्डावर.