चमत्काराचा दावा कसा तपासावा: ह्यूमचा युक्तिवाद आणि साक्षीचं गणित

चमत्कारावरचे वाद बहुतेक वेळा सुरुवातीलाच भरकटतात, कारण समोरासमोर बसलेले दोघे वेगवेगळ्या प्रश्नांवर बोलत असतात. म्हणून आधी प्रश्न सुटे करा. असं घडणं मुळात शक्य आहे का? हा विशिष्ट प्रसंग खरोखर घडला का? घडला असेल तर त्यामागे दैवी कर्ता होता का? आणि आपण स्वतः पाहिलेलं नसताना, दुसऱ्याच्या सांगण्यावरून ते मानणं योग्य आहे का? स्कॉटिश तत्त्वज्ञ डेव्हिड ह्यूमने १७४८ साली जो गाजलेला युक्तिवाद मांडला तो मुख्यतः या चौथ्या प्रश्नाबद्दल आहे. ‘चमत्कार अशक्य आहेत असं ह्यूमने सिद्ध केलं’ असं कुणी म्हणालं, तर तिथेच थांबवा. अशक्यतेचा दावा सतराव्या शतकातल्या स्पिनोझा या तत्त्वज्ञाचा: निसर्गाचे नियम हीच ईश्वराची इच्छा, मग ईश्वर ते मोडेल कसा?

यानंतर व्याख्या ठरवून घ्या, आणि ती लिहूनच ठेवा. ह्यूमच्या मते चमत्कार म्हणजे निसर्गनियमाचा भंग. तत्त्वज्ञ रिचर्ड स्विनबर्न यांनी यात सुधारणा केली: नियमाला छेद देणारी, पण पुन्हा न घडणारी घटना. हा फरक कामाचा आहे. तशीच परिस्थिती आली की घटना पुन्हा घडत असेल, तर आपला नियमच चुकीचा होता आणि तो दुरुस्त करायला हवा. ती एकदाच घडली असेल, तर नियम शाबूत ठेवून अपवाद मानता येतो. तत्त्वज्ञ आर. एफ. हॉलंड यांची व्याख्या तिसरीच. एकही नियम न मोडता, नेमक्या क्षणी जुळून आलेल्या आणि धार्मिक अर्थ लाभलेल्या योगायोगालाही चमत्कार म्हणता येतं, असं ते म्हणतात. अशा योगायोगावर ह्यूमचा युक्तिवाद लागूच पडत नाही. वादात मध्येच व्याख्या बदलली जाते ती बहुधा इथे, त्यामुळे लक्ष ठेवा.

तिसरी पायरी: घटना अनुभवाबाहेरची आहे की अनुभवाविरुद्ध, हे पाहा. थंडीत पाणी इतकं घट्ट होतं की त्यावरून हत्तीही चालेल, हे डच राजदूताने सांगितल्यावर सयामच्या (आजच्या थायलंडच्या) राजाने त्याला खोटारडा ठरवलं, अशी गोष्ट तत्त्वज्ञ जॉन लॉकने दिली आहे. राजाने गोठणबिंदूखालचं पाणी कधी पाहिलंच नव्हतं. त्याचा अनुभव तिथवर पोचतच नव्हता, त्यामुळे तो विरोधात उभा राहू शकत नव्हता. मेलेला माणूस उठून बसल्याचा दावा मात्र वेगळा, कारण मृत्यूनंतर काय होतं याचा अनुभव सगळीकडे, सर्व काळी आहे.

आता खरं काम, म्हणजे आकडेमोड. ह्यूमची कसोटी अशी: साक्ष खोटी ठरणं हे त्या घटनेपेक्षाही जास्त अद्भुत असेल, तरच साक्ष माना. ही तुलना नीट करायचं साधन थॉमस बेझच्या सूत्रात आहे: नवा पुरावा आल्यावर आधीची शक्यता किती बदलावी, हे ते सांगतं. ते १७६३ साली, त्याच्या मृत्यूनंतर, रिचर्ड प्राइसने पुढे आणलं. समजा, साक्ष ऐकण्यापूर्वी घटनेच्या बाजूने १ आणि विरोधात १ कोटी असं प्रमाण तुम्ही धरलं. घटना घडली असती तर साक्षीदाराने ती नक्की सांगितली असती. घडली नसताना तो असं सांगण्याची शक्यता १,००० मध्ये १. मग साक्षीचं वजन १,००० पट. गुणाकार करा: १ विरुद्ध १०,०००. साक्षीने शक्यता हजारपट वाढवली, तरी दावा खोटा असण्याकडेच पारडं झुकलेलं राहतं. ‘साक्ष हा पुरावाच नाही’ असं म्हणणारा आणि ‘इतका प्रामाणिक माणूस खोटं कसं बोलेल’ असं विचारणारा, दोघेही इथे चुकतात.

साक्षीदार वाढवून पाहा. स्वतंत्र दोघांनी तेच सांगितलं तर १ विरुद्ध १०. तिघांनी सांगितलं तर १०० विरुद्ध १, म्हणजे सुमारे ९९ टक्के! स्वतंत्र साक्षी एकमेकींना गुणतात, हे गणितज्ञ चार्ल्स बॅबेजने १८३७ साली ह्यूमविरुद्ध मांडलं आणि गणित बरोबरच आहे. पण दुसऱ्याने आणि तिसऱ्याने पहिल्याकडूनच ऐकलं असेल, तर प्रमाण १ विरुद्ध १०,००० वरच अडकतं. म्हणून साक्षीदार किती, याआधी विचारा: हे आपसात बोलले होते का? पहिली लेखी नोंद घटनेनंतर किती काळाने झाली? सगळ्या हकिगती एकाच मूळ कथनातून तर आल्या नाहीत ना? सगळ्यांना एकाच दिशेने चुकवणारं समान कारण होतं का, उदाहरणार्थ तीच अपेक्षा किंवा तोच अंधार?

सुरुवातीचं प्रमाण मोजता येत नाही, हा आक्षेप रास्त आहे. त्यावर उपाय म्हणजे गणित उलटं चालवणं: माझ्या मते प्रमाण इतकं असेल, तर किती वजनाची साक्ष मला पुरेल? हा आकडा दाव्याचे तपशील ऐकण्याआधी ठरवा. एक चूक मात्र करू नका: शक्यता शून्य धरू नका. शून्याला कशानेही गुणलं तरी शून्यच, मग तपासणी हे नाटक ठरतं. तत्त्वज्ञ जॉन अर्मन यांनी २००० साली ह्यूमवर केलेल्या टीकेचा एक गाभा हाच आहे. आजवरचा अनुभव एकसारखा आहे म्हणून अपवादाची शक्यता शून्य मानणं हे अनुमान टिकत नाही. आणि ‘सर्वांचा अनुभव विरोधात आहे’ असं म्हणताना, वादात असलेल्या साक्षी आधीच खोट्या धरल्या असतील, तर तो युक्तिवाद गोल गोल फिरतो.

प्राइसचं सोडतीचं उदाहरण यात हमखास येतं. १ लाख तिकिटांत एकच विजेतं. ९९ टक्के अचूक वर्तमानपत्राने ४७,३१६ हा क्रमांक छापला. शक्यता लाखात एक असूनही आपण विश्वास ठेवतो, मग चमत्कारावर का नाही? उत्तर बातमी चुकण्याच्या पद्धतीत आहे. वर्तमानपत्र चुकलं तर उरलेल्या ९९,९९९ क्रमांकांपैकी कुठलाही छापला जाऊ शकतो, त्यामुळे चुकून नेमका ४७,३१६ च छापला जाण्याची शक्यता सुमारे १ कोटीत १. चमत्काराच्या हकिगतीत चूक अशी विखुरत नाही. श्रद्धा, आश्चर्याची ओढ आणि सांगणाऱ्याला मिळणारा मान तिला एकाच दिशेने ओढतात. म्हणून प्रत्येक दाव्याला हा प्रश्न विचारा: साक्ष खोटी असेल, तर नेमकी हीच खोटी गोष्ट का सांगितली गेली असती? उत्तर सहज सापडलं तर साक्ष हलकी. सांगणाऱ्याच्या हिताविरुद्ध, त्याच्या अपेक्षेविरुद्ध जाणारी साक्ष जड.

वेगवेगळ्या धर्मांतले चमत्कार परस्परांना रद्द करतात, हा ह्यूमचा मुद्दा जपून वापरा. दोन धर्मांत दोन रुग्ण बरे झाले, यात विसंगती काहीच नाही. आपलाच धर्म खरा हे सिद्ध करण्यासाठी चमत्कार पुढे केला असेल, तेव्हाच तो मुद्दा लागू पडतो.

शेवटी तत्त्वज्ञ जे. एल. मॅकी यांनी १९८२ साली दाखवलेली कोंडी. चमत्कार मानणाऱ्याला दोन गोष्टी एकदम सिद्ध कराव्या लागतात: हा निसर्गाचा पक्का नियम आहे, आणि तो इथे मोडला. नियम जितका पक्का, तितकी मोडल्याची साक्ष अवघड. विरोधकाला मात्र दोनपैकी एक वाट पुरते: घटना घडली नाही, किंवा घडली पण नियमात बसते. दुसरी वाट धरणाऱ्यालाही एक अट घाला. ‘नैसर्गिक कारण पुढे कधीतरी सापडेल’ एवढं पुरत नाही. सापडणार नाही हे कशावरून मान्य करशील, तेही त्याने आधी सांगावं. आणि घटना मान्य झाली तरी कर्ता कोण, हा तिसरा प्रश्न तसाच उरतो. त्याला वेगळा पुरावा लागतो: तशाच घटना घडवणारा कर्ता आहे असं मानायला इतर कारणं आहेत का? ती नसतील, तर ‘घडलं, कारण माहीत नाही’ एवढंच नोंदवून थांबा.