डॉक्टर नियम पाळत नाहीत? क्वालिटीवाल्यांनो, या चुका टाळा

एनएबीएचचे (हॉस्पिटलांना दर्जाचं प्रमाणपत्र देणारी संस्था) असेसर म्हणजे तपासनीस यायचे असले की जुन्या फायली घेऊन क्वालिटीवाल्या मॅडम ओपीडीबाहेर उभ्या आणि सर म्हणतात ठेवा तिथे, करतो सह्या. मग सगळ्यांचं एकच, डॉक्टर ऐकतच नाहीत. नाहीच ऐकत, पण अर्धी चूक आपल्या सांगण्यात असते.

सगळ्यात मोठी म्हणजे "एनएबीएचला लागतं म्हणून करा" असं सांगणं. हे एकदा बोललात की नियम पेशंटचा राहत नाही, कागदाचा होतो. सर्जिकल सेफ्टी चेकलिस्टचंच (ऑपरेशनच्या वेळी टीमने एकेक गोष्ट तपासायची यादी) बघा ना, डब्ल्यूएचओची, 2008 ची, 8 शहरांत वापरून बघितली (दिल्लीपण होती त्यात) तर ऑपरेशननंतरचे मृत्यू 1.5 टक्क्यांवरून 0.8 वर आले, आणि पुढे कॅनडात ऑन्टारियोमधे सक्तीची केली तर 101 हॉस्पिटलांच्या आकड्यांत म्हणावा असा फरकच नाही. मला विचाराल तर सगळी गोम टीम खरंच थांबते की सिस्टर एकटी टिका मारत बसते यात आहे. ब्लेड लावायच्या आधी सर्जननेच मोठ्याने विचारायचं, पेशंट कोण, बाजू कुठली, अँटिबायोटिक गेलं का. केस संपल्यावर भरलेला फॉर्म रद्दीच.

हात धुवायचं पोस्टर लावून मोकळं होऊ नका. राउंडला सर दर पेशंटमागे बेसिनपर्यंत जाणार नाहीत, बेडच्या पायाशी हँडरबची बाटली अडकवा, 20-30 सेकंदांचं काम आहे. आणि पाटीवर "तुम्हाला इन्फेक्शन होईल" लिहू नका, "पेशंटला होईल" लिहा, अमेरिकेत एका हॉस्पिटलात दोन्ही लावून बघितल्या तर पेशंटवालीच चालली.

मीटिंगमधे सगळ्यांसमोर नाव घेऊन कोण किती नियम पाळतं याचे आकडे दाखवणं तर अजिबात नको, माणूस कायमचा तुटतो. ज्याचे त्याला बंद पाकिटात द्या, शेजारी डिपार्टमेंटची सरासरी. शेवटी मेरिटचीच मुलं ही, मागे राहिलेलं चालत नाही.

आता अवघड केस. ज्यांच्या नावावर बेड भरतात ते सिनियर सर. मॅनेजमेंट गप्प आणि रेसिडेंट त्यांचंच बघून शिकतात. तिथे क्वालिटी एक्झिक्युटिव्हला पाठवू नका, त्यांच्याच तोडीच्या डॉक्टरने जायचं, त्यांच्याच पेशंटची केस घेऊन. आणि सिस्टरला थांबवायचा अधिकार लेखी द्या. जॉन्स हॉपकिन्सच्या आयसीयूत डॉ. पीटर प्रोनोव्होस्टनी सेंट्रल लाइनची (मोठ्या शिरेत घालायची नळी) 5 पायऱ्यांची यादी केली तेव्हा हेच केलं, पायरी सुटली तर नर्सने डॉक्टरला थांबवायचं, मॅनेजमेंट तिच्या मागे. पहिल्यांदा थांबवल्यावर सर तणतणत केबिनमधे येणारच, त्या दिवशी मेडिकल डायरेक्टरने सिस्टरची बाजू घेतली नाही तर ते पत्र फाडून टाका.