पास की सुटी तिकिटं? जर्मनीत नव्याने आलेल्यांसाठी

पहिला उन्हाळा आला की नवीन आलेले बहुतेक जण विचारतात, "युरेलचा पास काढू का?" युरेल म्हणजे एकाच पासवर युरोपातल्या अनेक देशांत रेल्वेने फिरायची सोय. तर आधी हे लक्षात घ्या की युरेल तुमच्यासाठी नाहीच. युरेल युरोपाबाहेर राहणाऱ्यांसाठी आहे आणि इंटररेल युरोपात राहणाऱ्यांसाठी. पासपोर्ट कुठला यावर ते ठरत नाही, तुम्ही राहता कुठे यावर ठरतं. आनमेल्डुंग, म्हणजे राहत्या पत्त्याची सरकारी नोंदणी, झालं, रेसिडेन्स परमिट हातात आलं, की भारतीय पासपोर्टवरही तुम्ही इंटररेल काढायचा. पुण्याहून भेटायला येणारे आई-बाबा मात्र युरेल काढतील. दोन्ही ३३ देशांत चालतात, पण इंटररेलला एक अट आहे: राहत्या देशात त्यावर एकदा बाहेर जाता येतं आणि एकदा परत येता येतं, बस्स. जर्मनीत राहून याच पासवर बर्लिन, हॅम्बुर्ग, ड्रेस्डेन करू असं मनात असेल तर तो विचार सोडा.

आता तिकिटाविषयी, कारण आपल्याकडच्या सवयीने इथे सगळ्यात जास्त गोंधळ होतो. आरक्षित तिकीट म्हणजे सीट किंवा बर्थ, असं आपण धरून चालतो. जर्मनीत तिकीट वेगळं आणि सीट वेगळी. आयसीईचं, म्हणजे इथल्या वेगवान लांब पल्ल्याच्या गाडीचं, तिकीट काढलं की गाडीत चढायचा हक्क मिळतो. बसायची जागा हवी असेल तर तिचे वेगळे पैसे. मुलं बरोबर असतील किंवा शुक्रवार संध्याकाळ असेल तर ते जरूर भरा. वेटिंग लिस्ट हा प्रकार नाही. भाडंही ठरलेलं नसतं. त्याच गाडीचं श्पारप्राइस, म्हणजे सवलतीचं भाडं, आज एक असतं आणि तारीख जवळ आली की दुप्पट झालेलं असतं. स्वस्त तिकीट त्या एकाच गाडीला बांधलेलं असतं, आणि सुपर श्पारप्राइस, म्हणजे त्यातलं सगळ्यात स्वस्त, रद्द केलं तर पैसे परत मिळत नाहीत. फ्लेक्सप्राइस, म्हणजे पूर्ण भाड्याच्या तिकिटावर, त्या दिवशीची कुठलीही गाडी चालते, पण ते महाग पडतं.

म्हणून पासची तुलना कुठल्या भाड्याशी करायची, हाच खरा प्रश्न आहे. पास विकणाऱ्यांच्या हिशेबात तो नेहमी ऐनवेळच्या भाड्याशेजारी ठेवलेला असतो, आणि मग तो स्वस्त दिसणारच. प्रवासाच्या सात दिवसांचा, दुसऱ्या वर्गाचा ग्लोबल (सगळ्या देशांत चालणारा) पास मोठ्या माणसाला साधारण ३८० युरोला पडतो, म्हणजे प्रवासाच्या दर दिवसाला ५४-५५ युरो. म्युनिक ते व्हिएन्ना तिकीट दोन-तीन महिने आधी काढलं तर ते सहसा याहून बरंच कमी पडतं. नोकरी करणाऱ्याची रजा आधीच मंजूर झालेली असते, हॉटेल बुक असतं, तारखा पक्क्या असतात. अशा माणसाने पास घेऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे. तुम्ही वापरणार नाही त्या मोकळीकीचे पैसे भरता.

विद्यार्थ्यांचं गणित निराळं आहे. २७ वर्षांपर्यंत पास सवलतीत मिळतो, सेमिस्टरच्या सुट्टीत वेळ असतो, आणि आज प्राग आवडलं म्हणून दोन दिवस जास्त राहू, असं करता येतं. तिथे पास खरोखर कामी येतो. पण देश बघून घ्या. जर्मनी, ऑस्ट्रिया, स्वित्झर्लंडमधल्या बहुतेक गाड्यांत पास दाखवून सरळ बसता येतं. फ्रान्सची टीजीव्ही, इटलीची फ्रेच्चारोसा, स्पेनची आवे, लंडनला जाणारी युरोस्टार यांना पास असूनही आरक्षण सक्तीचं आहे आणि त्याचे पैसे वेगळे. टीजीव्ही आणि युरोस्टारमध्ये पासवाल्यांसाठी जागांचा कोटाही मर्यादित असतो. तो संपला की गाडी अर्धी रिकामी असली तरी उपयोग नाही. इटलीतली इतालो ही खासगी कंपनीची गाडी आणि फ्रान्समधली विगो ही स्वस्त गाडी, यांच्यात पास चालतच नाही. म्हणून पॅरिस-बार्सिलोना-रोम अशा सहलीला मी सुटी तिकिटंच काढायला सांगेन.

जर्मनीतल्या जर्मनीत फिरायला या दोन्हीपेक्षा चांगली गोष्ट तुमच्या खिशात बहुधा आहेच: डॉइचलँडटिकट, म्हणजे देशभर चालणारं, आपोआप पुढे चालू राहणारं मासिक तिकीट. मे २०२३ मध्ये ते महिन्याला ४९ युरोला सुरू झालं, जानेवारी २०२६ पासून ६३ युरो आहे. त्यावर आयसीई, आयसी अशा लांब पल्ल्याच्या गाड्या नाही, पण सगळ्या रिजनल गाड्या, एस-बान (शहरातल्या लोकल), ट्राम, बस चालतात, आणि म्युनिकहून रिजनल गाडीने थेट ऑस्ट्रियातल्या साल्झबुर्गला जाता येतं. कंपनी जॉबटिकट, म्हणजे हेच तिकीट नोकरदारांना सवलतीत, देते का, हे एचआरला पहिल्याच आठवड्यात विचारा. डॉइचलँडटिकट बंद करायचं असेल तर त्या महिन्याच्या १० तारखेच्या आत कळवावं लागतं. बानकार्ड, म्हणजे रेल्वेचं सवलतीचं कार्ड, हेही असंच आपोआप पुढे चालू राहतं, तेव्हा घेतल्याच दिवशी रद्द करायची मुदत कॅलेंडरमध्ये टाका. बानकार्ड २५ वर श्पारप्राइसलाही २५ टक्के सूट मिळते. वर्षात चार-पाच लांबचे प्रवास होणार असतील तर ते घ्या.

आई-बाबा आले की स्वित्झर्लंड ठरलेलं, आणि त्यात युंगफ्राउयोख, म्हणजे रेल्वेने चढून जायचं बर्फातलं उंच ठिकाण. स्विस ट्रॅव्हल पासवर ग्रिंडेलवाल्ड किंवा वेंगेनपर्यंतचा प्रवास येतो, तिथून वर फक्त २५ टक्के सूट. स्विस हाफ फेअर कार्डावर वरपर्यंत निम्मं भाडं. एकाच गावी मुक्काम करून दोन-तीन डोंगर बघायचे असतील तर हाफ फेअर कार्ड बहुधा सरस ठरतं. रोज गाव बदलायचं असेल तर पास. तुम्ही जर्मनीत राहता, त्यामुळे दोन्ही तुम्हालाही मिळतात. ज्येष्ठांना घेऊन जाताना मात्र स्वस्ताईसाठी तीन-तीन गाड्या बदलायला लावू नका. थेट गाडीसाठी दहा-पंधरा युरो जास्त गेले तरी चालतील.

आणखी दोन गोष्टी. गाडी मुक्कामाला २० मिनिटं किंवा जास्त उशिरा पोचणार असं दिसलं, तर श्पारप्राइसचं गाडीचं बंधन सुटतं आणि पुढच्या दुसऱ्या गाडीने जाता येतं. तासभर उशीर झाला तर भाड्याच्या २५ टक्के, दोन तास झाला तर ५० टक्के परत मागता येतात. अर्ज मात्र आपल्यालाच करावा लागतो. आणि ब्रिटन पासात असलं तरी शेंगेनमध्ये नाही. लंडनची गाडी बुक करण्याआधी व्हिसा काढा. इतर देशांत जातानाही मूळ पासपोर्ट आणि परमिट दोन्ही जवळ ठेवा, गाडीत पोलीस तपासतात आणि मोबाइलमधला फोटो पुरत नाही.