कॅम्पर व्हॅनच्या प्लास्टिक सिंकची गळती

सिंकखालच्या कप्प्यातील प्लायवूड फुगलेले दिसले, तेव्हा गळती नळाची नसून वेस्ट कपलिंगच्या (सिंकच्या तळाच्या भोकात बसणाऱ्या, पाणी बाहेर सोडणाऱ्या जोडाच्या) कडेची आहे, हे कोरडा टिश्यू कागद फिरवल्यावर लक्षात आले. तिथे आधी कोणीतरी प्लंबिंगची पुट्टी भरली होती. स्टीलच्या सिंकला ती चालते. परंतु तिच्यातील तेल एबीएससारख्या प्लास्टिकला बाधते आणि नट आवळल्याने ताण आलेल्या जागी बारीक तडे पाडू शकते, म्हणून ती मी प्लास्टिकच्या पट्टीने पूर्ण खरवडून काढली. सुदैवाने तडा नव्हता.

दोन्ही पृष्ठभाग आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून घेतले. सीलंट म्हणून व्हिनेगरसारखा वास न येणारे, न्यूट्रल क्युअर प्रकारचे सिलिकॉन निवडले, कारण ते वाळल्यावरही रबरासारखे लवचिक राहते आणि धावत्या गाडीचे हादरे सोसते. (पॉलियुरेथेन सीलंट अधिक घट्ट धरते खरे, पण पुढे कपलिंग काढायची वेळ आली तर सिंकच फुटायचे.) कपलिंगच्या कॉलरखाली, म्हणजे वरच्या रुंद कडेखाली, सिलिकॉनची अखंड रेघ दिली, खालचा रबरी वॉशर कोरडाच बसवला आणि नट पाना न लावता हातानेच आवळला. कडेने बाहेर आलेले सिलिकॉन लगेच पुसले.

24 तास पाणी सोडले नाही. मग सिंक काठोकाठ भरून एकदम रिकामे केले. टिश्यू कोरडाच निघाला.