इंग्रजी शिकवताना या चुका टाळा: वर्ग गप्प का बसतो आणि त्याच चुका पुन्हा का होतात

"समजलं का?" असं विचारलं की वर्ग मान डोलावतो. लहान मुलं शिक्षकांना बरं वाटावं म्हणून, किशोरवयीन मुलं सगळ्यांच्या नजरा आपल्याकडे वळू नयेत म्हणून, आणि मोठी माणसं उगाच वेळ जायला नको म्हणून. खरंच समजलेलेही त्यात असतात, पण नुसत्या मानेवरून ते ओळखू येत नाहीत. इंग्रजी परकी भाषा म्हणून शिकवताना बरीचशी गडबड इथेच होते. लक्षण एकच दिसतं, कारण माणसागणिक वेगळं असतं, आणि उपाय मात्र सगळ्यांना सरसकट एकच होतो.

तेव्हा पहिलं काम म्हणजे हा प्रश्न बंद करा. "शी हॅज लिव्ह्ड हिअर फॉर टेन इयर्स" हे वाक्य शिकवलंत तर लगेच विचारा: ती आज कुठे राहते? इथून दुसरीकडे गेली का? उत्तर एका-दोन शब्दांत देता यायला हवं, नाहीतर प्रश्न समजून घेण्यातच विद्यार्थी अडकतो. "ती पूर्वी इथे राहायची" असा अर्थ ज्याने लावला आहे, तो पहिल्याच प्रश्नाला सापडतो.

गप्प बसलेल्याला लगेच बोलायला लावणं

नवखी लहान मुलं बरेचदा काही आठवडे, कधी काही महिने, नुसती ऐकतात. त्यांना "बोल, बोल" म्हणून काही साधत नाही. दार उघड, लाल पेन्सिल उचल, दोन उड्या मार, अशा सूचना इंग्रजीतून द्या आणि त्यांच्या हालचाली पाहा. समजतंय की नाही हे तोंड न उघडताही कळतं. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ जेम्स आशर यांनी १९६०च्या दशकात याच तत्त्वावर एक अख्खी शिकवण्याची पद्धत उभी केली.

मोठ्या माणसाचं गप्प बसणं बहुधा वेगळं असतं. तो मनात वाक्य जुळवत असतो आणि आपण मध्येच उत्तर सांगून मोकळे होतो. अमेरिकेत विज्ञानाच्या तासांचं निरीक्षण करून मेरी बड रो यांनी १९७०च्या दशकात दाखवून दिलं की प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी सेकंदभरच थांबतात. हा वेळ तीन सेकंदांपर्यंत वाढवला तर उत्तरं लांब आणि नेमकी येऊ लागतात. तिथे मुलं स्वतःच्याच भाषेत उत्तरं देत होती. परक्या भाषेत तर याहून जास्त थांबायला हवं. मनातल्या मनात पाचपर्यंत मोजा. ती शांतता अवघड वाटते, पण शिक्षकालाच.

किशोरवयीन मुलांची गोष्ट तिसरीच. त्यांना उत्तर येत असतं, प्रेक्षक नको असतात. आधी शेजाऱ्याशी बोलू द्या, मग वर्गासमोर विचारा. आणि "माझं मत" ऐवजी "आमच्या जोडीचं मत" मागा.

चूक इतक्या हळुवारपणे सुधारणं की ती कळतच नाही

विद्यार्थी म्हणतो, "यस्टरडे आय गो टू द मार्केट." शिक्षक हसून म्हणतात, "ओह, यू वेंट टू द मार्केट! अँड व्हॉट डिड यू बाय?" शिक्षकांच्या दृष्टीने चूक सुधारून झाली. विद्यार्थ्याला मात्र वाटतं, सरांना माझ्या बाजारहाटात रस आहे. रॉय लिस्टर आणि लैला रांटा यांनी १९९७ मध्ये कॅनडातल्या फ्रेंच माध्यमाच्या वर्गांचा अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात हेच दिसलं: शिक्षक सगळ्यात जास्त वापरत होते ती ही पद्धत, आणि विद्यार्थ्यांकडून सगळ्यात कमी प्रतिसाद मिळत होता तो हिलाच.

त्यापेक्षा "यस्टरडे आय…?" एवढंच म्हणा आणि थांबा. बहुतेकांना "वेंट" स्वतःहून आठवतं. आठवलं नाही तर तो शब्द अजून यायचाच आहे, मग सरळ सांगा. मात्र विद्यार्थी काही मनापासून सांगत असेल तर मध्ये तोडू नका, चुका कागदावर टिपून शेवटी फळ्यावर घ्या, नाव न घेता.

सगळ्यात चिवट विद्यार्थी म्हणजे फाडफाड पण चुकीचं बोलणारा. त्याचं काम भागतं, त्यामुळे सुधारायची गरजच त्याला वाटत नाही. वर्षानुवर्षं ठाण मांडून बसणाऱ्या या चुकांकडे भाषाशास्त्रज्ञ लॅरी सेलिंकर यांनी १९७२ मध्येच लक्ष वेधलं होतं. नियम पुन्हा समजावून फरक पडत नाही, नियम त्याला पाठ असतात. त्याचं एक मिनिटाचं बोलणं फोनवर रेकॉर्ड करा आणि शब्दन्‌शब्द त्यालाच लिहून काढायला सांगा. "ही डोन्ट नो" स्वतःच्या हाताने लिहिताना तो थबकतो. मग पंधरा दिवस फक्त त्या एका चुकीच्या मागे लागा.

सावकाश लिहिणाऱ्याला कच्चा समजणं

अरबी लिपीत शिकलेल्या माणसाला दिशा उलटी, कॅपिटल अक्षरं नवी. तो फळा हळू उतरवतो म्हणून त्याची समज कमी ठरत नाही. त्याच्या तोंडी "पार्किंग"चं "बार्किंग" होतं, कारण प्रमाण अरबीत "प" हा ध्वनीच नाही. रशियन भाषिक नामाआधीचे "अ" आणि "द" (a, the) हे शब्द गाळतो, कारण त्याच्या भाषेत असे शब्दच नाहीत. याला निष्काळजीपणा म्हणणं अन्याय आहे. आणि ज्यांना कुठल्याच भाषेत लिहिता-वाचता येत नाही, त्यांच्या हाती छापील सरावपत्रिका देणं तर निव्वळ अपमान. चित्रं, वस्तू आणि भरपूर संवाद, मग अक्षरं.

शिकणाऱ्यांची "डोळ्यांनी शिकणारे, कानांनी शिकणारे" अशी वाटणी करत बसू नका. हॅरॉल्ड पॅश्लर आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये यावरचं संशोधन तपासलं, तेव्हा तशा वाटणीनुसार शिकवल्याने फायदा होतो याला पुरेसा आधार मिळाला नाही.

अख्ख्या वर्गाला एकच पातळी चिकटवणं

युरोप परिषदेने २००१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या भाषा-कौशल्याच्या चौकटीत ए१ (अगदी नवखा), ए२, बी१, बी२, सी१ आणि सी२ (पारंगत) अशा चढत्या सहा पातळ्या आहेत. पण एकच माणूस वाचनात बी२ आणि बोलण्यात ए२ असू शकतो. पुस्तकातून इंग्रजी शिकलेल्यांचं हेच होतं. नुसत्या लेखी चाचणीवर त्याला वरच्या वर्गात बसवलंत की तो महिनाभर तोंड उघडत नाही, म्हणून बोलण्याची पाच मिनिटांची चाचणी वेगळी घ्या. संमिश्र वर्गात उतारा सगळ्यांना एकच द्या, काम वेगळं: एकाने नावं आणि आकडे शोधायचे, दुसऱ्याने लेखकाचं म्हणणं खोडून काढायचं. हुशार विद्यार्थ्याला रोज इतरांना शिकवायला बसवू नका, तोही शिकायलाच आलेला असतो.