कोकणातला जन्मदर मोजताना या चुका टाळा

पटसंख्या नाही म्हणून जिल्हा परिषदेची शाळा बंद व्हायची वेळ आली की वाडीत एकच वाक्य ऐकू येतं: "आता पोरं होतातच कुठे?" त्यात तथ्य आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या 2019-21 च्या फेरीत महाराष्ट्राचा एकूण जननदर 1.7 निघाला, म्हणजे बाईमागे सरासरी दोनही मुलं नाहीत. पिढीला पिढी पुरायची तर साधारण 2.1 लागतात. पण हा आकडा राज्याचा आहे. तो उचलून रत्नागिरी-सिंधुदुर्गाला चिकटवू नका. या सर्वेक्षणाच्या जिल्हावार तक्त्यांत एकूण जननदर दिलेलाच नसतो. कोकण विभागाची सरासरीही कामाची नाही, कारण महसुली कोकणात मुंबई, ठाणे आणि मोखाडा-जव्हारच्या आदिवासी तालुक्यांसकट पालघरही येतं. 2011 चा ठाणे जिल्हा वापरत असाल तर त्यात पालघर मिसळलेलं आहे, ते 1 ऑगस्ट 2014 ला वेगळं झालं.

माणसं कमी झाली म्हणजे जन्म कमी झाले, असं धरू नका

2001 ते 2011 या दहा वर्षांत रत्नागिरीची लोकसंख्या 16,96,777 वरून 16,15,069 वर आली, सिंधुदुर्गाची 8,68,825 वरून 8,49,651 वर. यामागे मुख्य कारण आहे मुंबईची वाट. आणि ही वाट जन्मदरालाही वाकवते, कारण जन्मदर हजार लोकसंख्येमागे मोजतात आणि गावात उरतात ती म्हातारी माणसं.

समजा हजार वस्तीच्या गावात 15 ते 49 वयाच्या 100 बाया आहेत आणि वर्षात 8 जन्म झाले. तेवढ्याच वस्तीच्या दुसऱ्या गावात अशा 250 बाया आणि 16 जन्म. जन्मदर पहिल्या गावात 8, दुसऱ्यात 16. आता हजार बायांमागे मोजा: पहिल्यात 80, दुसऱ्यात 64. ज्या गावाला आपण "संपलं" म्हणतो, तिथल्या बायांना मुलं जास्त होताहेत! म्हणून आशाताईंकडची पात्र जोडप्यांची (म्हणजे बायको 15 ते 49 वयाची आहे अशा जोडप्यांची) यादी आधी मागा, मगच भागाकार करा.

भागायचा आकडा रेशनकार्डावरून किंवा मतदार यादीवरून घेऊ नका. डोंबिवलीत वीस वर्षं राहणाऱ्यांची नावं गावच्या कार्डावर शाबूत असतात. गणपतीत किंवा मे महिन्यात घरोघरी मोजणी केली तर चाकरमानी मोजले जातात आणि जन्मदर उगाच खाली येतो. 2011 ची जनगणना फेब्रुवारीत झाली होती. मोजणी तशाच आडमहिन्यात करा.

जन्म कुठे नोंदला, ते पाहा

मला सगळ्यात महत्त्वाची वाटणारी चूक ही. 1969 च्या कायद्याप्रमाणे जन्माची नोंद जिथे बाळ जन्मलं तिथे होते, आई राहते तिथे नाही. राजापूरची लेक नालासोपाऱ्याला दिलेली, पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली, रत्नागिरीच्या दवाखान्यात प्रसूत झाली: नोंद रत्नागिरी शहरात, बाळ सव्वा महिन्याने नालासोपाऱ्याला. उलट दोडामार्ग-बांद्याकडच्या कित्येक बाया म्हापशाला किंवा बांबोळीला नेल्या जातात, ती बाळं गोव्याच्या नोंदीत जातात. गावच्या वहीत वर्षभरात दोनच जन्म दिसतात, तेव्हा बाकीची बाळं कुठल्या तरी शहराच्या वहीत असू शकतात. आता घरी बाळंतपण क्वचितच होतं, त्यामुळे जुन्या वहीशी आजची वही ताडणं तर साफ चुकीचं.

यावर उपाय आहे. जन्माच्या अर्जात सांख्यिकीय माहितीचा वेगळा भाग असतो, त्यात आईचं राहतं गाव आणि वय विचारलेलं असतं. दवाखान्यात हे रकाने घाईत भरले जातात. बाळंतिणीसोबत गेलेल्या माणसाने तिथे माहेरचा पत्ता न देता ती कायम राहते ते ठिकाण सांगावं. गावापुरती खातरजमा करायची तर उपकेंद्रातल्या नर्सताईंची गरोदर मातांची नोंदवही आणि अंगणवाडीतली 0 ते 6 वयाची यादी शेजारी ठेवा. पटसंख्येवर विसंबू नका, कारण निम्मी मुलं तालुक्याच्या इंग्रजी शाळेच्या गाडीत बसलेली असतात.

मुलींचा आकडा

रत्नागिरीत 2011 ला हजार पुरुषांमागे 1,122 स्त्रिया होत्या. त्यावरून "आमच्याकडे मुलींना मान आहे" असं अभिमानाने सांगितलं जातं. पुरुष मुंबईला आहेत म्हणून तो आकडा फुगला आहे. 0 ते 6 वयोगट पाहा: 2001 ला हजार मुलग्यांमागे 952 मुली, 2011 ला 936. सिंधुदुर्गात 944 वरून 922. ही घसरण 1,122 च्या आड झाकली जाते आणि मला तिची काळजी वाटते. पण तपास करताना एका वाडीचं एक वर्ष घेऊ नका. चार मुलगे आणि एक मुलगी हा योगायोगही असतो, आणि त्यावरून गावात कुणाकडे बोट दाखवलं तर ते घर नाहक होरपळतं. तालुक्याची निदान पाच वर्षं एकत्र करा, जन्माच्या तारखेप्रमाणे, नोंदणीच्या नव्हे. उशिरा नोंदलेली बाळं नाहीतर भलत्याच वर्षात पडतात.